हाय तिथंच थांबा, पावणं!

कोल्हापूरला कधी यावं, असं बाहेरचे लोक नेहमी विचारतात. आता काय सांगायचं! चैत्रात जोतिबाची यात्रा, पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुकं, नवरात्रात अंबाबाई, दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटायचं, थंडीत किरणोत्सव आणि गुऱ्हाळावरचा गरम गूळ. संस्थानाची राजधानी होती ही, वर्षभर काही ना काही चालूच असतं. पण आम्हाला सीझन कळतो तो वेगळ्याच गोष्टीवरून. कोण हरवलं, यावरून!

शिवाजी पेठेत माझं स्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान आहे. गर्दीच्या दिवसांत आमचं मंडळ अंबाबाईच्या देवळाजवळ एक छोटा मांडव घालतं. एक टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा जार आणि माझा माईक. वर बोर्ड, 'हरवले-सापडले'. टेबलाला आम्ही चौघं कायमचे. मी, सुभाष, माईकवर. शालनकाकू नर्स म्हणून रिटायर झालेल्या, त्यांच्यासमोर रडणारा माणूस आपोआप गप्प होतो. अस्सल कोल्हापुरी बाई, त्यामुळं 'मी येतो', 'मी बघतो' असंच बोलणार, आणि 'पण'च्या जागी 'खरं'. इर्शादभाई टेलर. त्यांनी निपाणीला बरीच वर्षं दुकान चालवलं, म्हणून कानडीचं खातं त्यांच्याकडं. आणि बंडा पैलवान. सकाळी म्हशींचं दूध घालून आला की दिवसभर मोकळा. गर्दीत शिरायचं आणि माणूस घेऊन बाहेर यायचं, हे त्याचं काम.

माणूस सापडलं की लोक त्याला घेऊन जातात. किस्सा मात्र टेबलावरच विसरून जातात. असे कितीतरी आमच्याकडं साठलेत, न्यायला कुणी येत नाही!

* * *

सुरुवातीला मला वाटायचं, माईकवर नुसतं मोठ्यानं बोललं की झालं. नवरात्रातली अष्टमी. पुण्याच्या एक बाई धावत आल्या. "माझे सासरे दिसत नाहीत हो! हार्ट पेशंट आहेत, गोळ्या माझ्या पर्समध्ये राहिल्यात!"

त्या घाबरलेल्या, त्यांना बघून मी घाबरलो. नाव विचारायचं भानच राहिलं नाही. माईक उचलला आणि ओरडलो, "पुण्याचं पावणं, हाय तिथंच थांबा! एक पाऊल बी हलू नगासा!"

रांग थांबली. सगळी! नवरात्रात अर्धं पुणं आमच्या रांगेत असतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं. पुढचे थांबले, मागचे त्यांच्यावर जाऊन आदळले. दोन पोलीस पळत आले, "कुणी थांबवली रांग?"

काकूंनी माझ्या हातातनं माईक हिसकावून घेतला. "पुण्याचे सगळे पावणे चालायला लागा! फकस्त हरवल्यात तेवढेच थांबा!"

आणि खरंच की! रांग सरकली आणि चपलांच्या स्टँडसमोर एकच म्हातारे गृहस्थ खांबासारखे उभे. बंडानं त्यांना उचलूनच आणलं. सूनबाईंनी आधी गोळी दिली, मग रडून घेतलं. मी म्हटलं, "आजोबा, तुमच्यामुळं सगळ्यांचा जीव टांगणीला लागला."

ते शांतपणे म्हणाले, "मी हरवलोय हे मला तुमच्याकडूनच कळलं. मी आपला चप्पल शोधत होतो. पण आवाज असा आला की पाय उचलायची हिंमतच झाली नाही!"

* * *

जोतिबाच्या डोंगरावरचा प्रकारच वेगळा. चैत्रातल्या यात्रेत गुलालाची अशी उधळण होते की डोंगर, देऊळ, माणसं, म्हशी, सगळं एका रंगाचं. तिथं आम्ही एका ओळखीच्याच्या दुकानापुढं टेबल टाकतो.

एक बाई आली. नवरा हरवलाय म्हणाली. मी विचारलं, "अंगात काय हाय?"

"गुलाबी शर्ट."

"टोपी?"

"गुलाबी."

"वर्णानं कसं हाईत?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच वेडा. "आता सगळंच गुलाबी हाईत न्हवं का!"

तिनं नाव सांगितलं. मी ते पुकारलं. त्या नावाचे गर्दीत बरेच निघाले. बंडा एकेकाला आणून उभा करायचा आणि बाई मान हलवायची. "न्हाय. ह्यो न्हवं." असे दोघे-तिघे झाले. मग आणखी एकजण आला. बाईनं त्याला खालवर बघितलं आणि म्हणाली, "ह्यो बी न्हवं."

तो खेकसला, "अगं ए, मीच हाय की!"

बाई एक पाऊल मागं सरली. काकूंनी पाण्याचा तांब्या त्याच्या तोंडावर रिकामा केला. गुलाल थोडा उतरला. बाईनं जवळ जाऊन नीट निरखलं, मग आम्हाला म्हणाली, "तोंड अजून पटंना. खरं खेकसतोय तसंच. द्या, नेतो."

* * *

मला सगळ्यात जास्त घाम फुटला तो एका कानडी आजीमुळं. नवरात्रात सीमेपलीकडनं माणसांचे लोंढे येतात. ही आजी सरळ आमच्या टेबलाशी आली, खुर्ची ओढून बसली आणि कानडीत काहीतरी म्हणाली. इर्शादभाईंनी ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"काय म्हणत्यात?"

"मुलगा हरवलाय म्हणतात. लहान मुलगा. नाव बसू. सण्णांव म्हणतात."

लहान मुलगा म्हटल्यावर आमच्याकडं सगळी कामं बंद पडतात. मी पुकारायला लागलो, "लहान मुलगा हरवला आहे, नाव बसू, कानडी बोलतो, कुणाला दिसल्यास कृपया हात धरून मांडवापाशी आणा!" पोलिसांनी दरवाज्यावर माणसं उभी केली. जाणाऱ्या प्रत्येक पोराला थांबवून नाव विचारायला लागले. बंडा गर्दीत घुसला. रांगेतल्या आयांनी आपापली पोरं कडेवर घेतली. कुणीतरी म्हणालं, तळ्याकडं बघा.

आजी मात्र निवांत. काकूंनी दिलेलं केळ सोलून खात होती. काकू मला हळूच म्हणाल्या, "म्हातारीला धक्का बसलाय. अशीच बधिर होत्यात माणसं."

इर्शादभाई तर रडकुंडीला आलेले. त्यांना स्वतःचा नातू आठवत होता. ते पुन्हा पुन्हा आजीला विचारत होते, शर्ट कसला, चड्डी कसली. आजी म्हणाली, लुंगी.

इर्शादभाई थबकले. "लुंगी?"

तेवढ्यात समोरनं एक धिप्पाड माणूस आला. झुपकेदार मिशा, कपाळाला भंडारा, डोळे रडून लाल. आजीला बघून तो मांडवाच्या दारातच मटकन बसला. आजीनं केळाची साल टेबलावर ठेवली, उठली आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "यल्लि होगिद्दी?" म्हणजे, कुठं गेलतास?

मी इर्शादभाईंकडं बघितलं. इर्शादभाई कपाळाला हात लावून बसलेले. "अरे, सण्णांव म्हणजे लहान, हे बरोबरच हाय. खरं तिच्या मनात होतं, धाकटा!"

मी माईकवर सांगितलं, लहान मुलगा सुखरूप सापडला आहे. सगळ्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. बायकांनी हात जोडले. सगळ्यांना त्याला बघायचं होतं. आम्ही मिशीवाल्याला मागच्या बाजूनं बाहेर काढला!

* * *

पावसाळ्यात पन्हाळ्याला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. धुकं बघायला म्हणून लोक येतात आणि धुकं एवढं असतं की दुसरं काहीच दिसत नाही. एकदा तिथल्या मंडळानं मदतीला बोलावलं म्हणून आम्ही गेलतो. मुंबईची एक मुलगी ग्रुपमधनं चुकली. बंडा छाती पुढं काढून म्हणाला, "तुम्ही बसा. मी आणतो." आणि धुक्यात शिरला.

मुलगी पाच मिनिटांत आपली आपण आली. भजी खात उभी राहिली होती म्हणे.

बंडा येईना. फोन लागेना, वर रेंज नाही. कडे सगळे निसरडे, त्यात पावसाचा जोर. एरवी कुणालाही दम देणाऱ्या काकू एकदम शांत झाल्या, तेव्हा मला खरी भीती वाटली. शेवटी त्यांनीच माईक घेतला. "बंडा पैलवान. अंगात लाल बनियन. वजन भरपूर. कुणाला आढळल्यास जवळ जाऊ नये, नुसती हाक मारावी."

बऱ्याच वेळानं धुक्यातनं एक सहल आली. शाळेच्या पोरींची. दोघी-दोघींच्या जोड्या, हातात हात. शेवटच्या जोडीत एका बाजूला चौथीतली एक पोरगी आणि तिचा हात घट्ट धरून, बंडा!

पोरगी म्हणाली, "हे काका कड्याकडं चालले होते. बाईंनी रांगेत घेतलं."

काकूंनी बंडाला भजी दिली. आणि त्याच्या डोक्यावरचं पाणी पदरानं पुसत राहिल्या.

* * *

दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायचा सोहळा. त्या दिवशी माणसं कमी हरवतात, गाड्या जास्त. नाशिकचं एक कुटुंब आलं. सोनं लुटून झालं, हातात आपट्याची पानं, आणि गाडी कुठं लावली ते कुणालाच आठवेना.

"काही खूण?"

"जवळ एक तालीम होती."

बंडा म्हणाला, "दादा, कोल्हापुरात तालीम नसलेली जागा सांगा, तेवढीच वगळून बघू."

"समोर मिसळीचं दुकान होतं."

"कुठलं?"

"खूप तिखट होती हो!" त्यांच्या सौ. म्हणाल्या.

काकूंनी हात टेकले. बंडानं त्या गृहस्थांना बुलेटवर मागं बसवलं आणि पेठापेठांतनं फिरवलं. प्रत्येक मिसळीच्या दुकानापुढं थांबायचं, रस्सा चाखवायचा आणि विचारायचं, "ही का?" गृहस्थ डोळे पुसत म्हणायचे, "नाही, ही त्याहून तिखट."

शेवटी मुलाच्या मोबाईलमध्ये सकाळचा एक फोटो सापडला. मागं दुकानाची पाटी. गाव वाचलं तर, शहराबाहेरचं उचगाव! शहरात गर्दी आहे म्हणून सकाळी गाडी उचगावात लावून रिक्षानं आले होते आणि ते साफ विसरले होते.

गाडी जागेवर होती. काचेवर एक चिठ्ठी होती, 'पावणं, दाराम्होरं गाडी लावलीसा, आमची म्हस आत अडकल्या. खरं सण हाय, सावकाश या.'

* * *

किरणोत्सव बघायला येणाऱ्यांचा जीव मात्र खालीवर होत असतो. संध्याकाळी मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, सरकत सरकत गाभाऱ्यात जातात आणि अंबाबाईच्या पायांना लागतात. आभाळ साफ असेल तर वर चेहऱ्यापर्यंत. एक ढग आला की संपलं. लांबनं आलेली माणसं दिवसभर मान वर करून आभाळाकडं बघत असतात.

जालन्याचे एक मास्तर आणि त्यांच्या मिसेस. दोन-तीन वर्षं येत होते आणि दरवेळी ढग. यंदा आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. आणि नेमकी ऐन वेळी गर्दीत दोघांची चुकामूक!

मास्तर आमच्या टेबलाशी आले. मी नाव पुकारलं. बाहेर मोठी स्क्रीन लावलेली. किरणं पितळी उंबऱ्याशी आली, तशी सगळी गर्दी स्क्रीनकडं वळली. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही स्क्रीनवर तरी बघून घ्या. बंडा शोधतोय."

"तिला बीपीचा त्रास आहे हो," एवढंच म्हणाले आणि स्क्रीनकडं पाठ करून गर्दीचे चेहरे बघत राहिले. हजारो माणसं एका दिशेला तोंड करून उभी आणि हे एकटेच उलटे! किरणं पायांवर आली. कमरेवर आली. लोकांनी जयघोष केला. चेहऱ्यावर आली. मास्तर वळले नाहीत.

ऊन उतरलं आणि बंडा बाईंना घेऊन आला. बाई रडत होत्या, पण हसतपण होत्या. रेटारेटीत त्या ढकलत ढकलत पार आत, पुढंच जाऊन उभ्या राहिल्या होत्या. "अहो, चेहऱ्यावर आली किरणं! मी बघितली! तुम्ही बघितलीत ना?"

मास्तर खुर्चीत बसले. पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. "तू दिसलीस. सुटलो मी. आता पुढच्या वर्षी यायला नको."

"वा! असं कसं?" बाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "तुमचं राहिलंय की!"

* * *

बिद्रीकडच्या एका गावच्या हौसाक्का दरवर्षी नवरात्रात पंचमीला यायच्या. दर्शन झालं की आमच्या टेबलाशी येऊन म्हणायच्या, "जरा पुकारा. शेवंता, तुझी थोरली भण वाट बघत्या."

मी पुकारायचो. कुणी यायचं नाही. हौसाक्का थोडा वेळ बसायच्या, चहा घ्यायच्या आणि एसटी गाठायला जायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, बहीण घरी पोचली असेल. दुसऱ्या वर्षी परत तेच. बंडा म्हणाला, "ही शेवंता दरसाल हरवत्या व्हय?"

काकूंनी एकदा चहा पिता पिता सगळं काढून घेतलं. शेवंता ह्या गर्दीत हरवलीच नव्हती. तिनं तरुणपणी स्वतःच्या मनानं लग्न केलं. वडिलांनी उंबऱ्यातनं सांगितलं, माझ्या लेखी तू मेलीस. ती पिशवी घेऊन रस्त्याला लागली, तेव्हा घरातल्या कुणी तिला मागनं हाक मारली नाही. वडील गेले, आई गेली. शेवंता कुठल्या शहरात आहे, आहे की नाही, काही पत्ता नाही. "खरं नवरात्रात अंबाबाईला आल्याबिगार तिला करमायचं न्हाय," हौसाक्का म्हणाल्या. "कुठं बी असू दे, पंचमीला हितं येणार. म्हणून पुकारायचं."

त्यानंतर मी ते नाव जरा जपून घ्यायला लागलो. सावकाश, स्पष्ट, गावाच्या नावासकट. जमेल तेवढ्या गोड आवाजात. तरी कुणी यायचं नाही.

अलीकडच्या एका नवरात्रात माझा घसाच बसला. माळा चढत गेल्या तसा आवाज उतरत गेला आणि पंचमीला तर नुसती हवा यायला लागली. हौसाक्का आल्या. मी गळ्याकडं बोट दाखवलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

काकू म्हणाल्या, "आक्का, तुमीच बोला की."

"मी? न्हाय बाई. एवढ्या माणसांत? मला न्हाय जमायचं."

"जमतंय. धरा."

काकूंनी माईक त्यांच्या हातात कोंबला. हौसाक्कांनी तो दोन्ही हातांनी धरला. एकदम तोंडाला लावल्यामुळं स्पीकर किंचाळला. त्या दचकल्या, माईक लांब धरला. आधी नुसता श्वास ऐकू आला, सगळ्या देवळाभोवती. मग म्हणाल्या, "शेवंते..." आणि थांबल्या. आम्हाला वाटलं, संपलं. पण त्यांनी पदर तोंडाला लावला, काढला आणि गावाकडं शेताच्या बांधावरनं मारतात तशी हाक मारली.

"ए शेवंतेऽऽ! आक्का हाय गं! मी हितं बसलोय. ये की!"

बस्स. एवढंच. गाव नाही, आडनाव नाही. माईक टेबलावर ठेवला आणि लाजून खाली मान घालून बसल्या. इर्शादभाईंनी चहा पुढं केला. तो त्यांनी प्यायला नाही.

रांगेत गडबड झाली. एक बाई बॅरिकेडखालनं वाकून बाहेर यायला लागली. केस पांढरे, हातात ओटीचं ताट. बंडा पुढं झाला, "मावशी, रांग सोडू नगासा, परत मागनं यायला लागंल." बाईनं एका हातानं त्याला बाजूला सारलं. बंडाला! आणि तो सरला.

ती टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिनं ताट टेबलावर ठेवलं. हौसाक्कांनी वर बघितलं.

"वाळलीस की गं," हौसाक्का म्हणाल्या.

"तू बी."

मला तर बोलताच येत नव्हतं. काकूंनीच विचारलं, "अवो बाई, आमी दरसाल पुकारतोय की तुमचं नाव! तुमाला ऐकायला आलं न्हाय का कधी?"

"आलं की. दरसाल येतोय मी. दरसाल ऐकतोय."

"मग आला का न्हाईसा?"

तिनं काकूंकडं बघितलंच नाही. बोट तेवढं माझ्याकडं केलं. नजर हौसाक्कांवरच.

"दरसाल ह्यो बाबा बोलवायचा. यंदा तू बोलीवलीस."